दिव्यांग लेकराची शाळा आणि कायद्याची उतरंड: कोणता कागद कुठे चालतो

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे शाळा उघडतात. पेरणीची घाई त्याच दिवसांत असते. तरी एक बाई रोजी पाडून तालुक्याच्या गट साधन केंद्रात आली. हातात बियाण्याची रिकामी पिशवी आणि त्यात कागद. तिनं ते एकेक करून टेबलावर मांडले: जन्माचा दाखला, आधार, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शिबिरात मिळालेली पावती, चौथीचं प्रगतिपत्रक आणि घडीवर फाटलेली एका जीआरची (शासन निर्णयाची) झेरॉक्स.

"मॅडम, कागद तं सारे हायेत माह्याजवळ. पन सर म्हन्ते, याच्यातला एकबी इथं चालत नाही."

पोरगी सोबतच होती. भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला तर ती उठून जवळ गेली आणि नाक भिंतीला लागेल इतकी वाकून वाचू लागली. अल्पदृष्टी. तिच्या गावात शाळा चौथीपर्यंतच, पाचवीसाठी शेजारच्या गावी जायचं. तिथं सांगण्यात आलं की हिला अंध शाळेत टाका, आमच्याकडे अशा मुलांचा जीआर नाही.

मी विशेष शिक्षिका म्हणून यवतमाळ जिल्ह्यात काम करते. "जीआर नाही" हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. पालक ते ऐकून परत जातात, कारण त्यांना वाटतं सरकारनंच नाही म्हटलं. खरं तर त्या मुलीच्या प्रवेशाला जीआर लागतच नव्हता. तो हक्क संसदेनं केलेल्या कायद्यात आहे, आणि कायद्यानं दिलेली गोष्ट जीआर नसल्यामुळे थांबत नाही. ही एक गोष्ट पालकांना, गुरुजींना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना नीट कळली, तर निम्मे हेलपाटे वाचतील. म्हणून सगळं एकदा क्रमानं सांगते.

आधी उतरंड समजून घ्या

जुन्या घरात उतरंड असायची. तळाशी मोठा रांजण, त्यावर मडकं, त्यावर गाडगं, सगळ्यात वर एवढंसं बोळकं. वरचं खालच्यावर टेकलेलं. बोळकं काढलं तर रांजणाला काही होत नाही. कायद्याचं तसंच समजा.

तळाशी संविधान. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१-क आलं: ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. "प्रत्येक" म्हणजे प्रत्येक, त्यात दिव्यांग मूलही आलं. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेला, म्हणून त्यावर केंद्रही कायदा करतं आणि राज्यही. आपल्याला दिल्लीचा कायदा आणि मुंबईचा जीआर असे दोन्ही कागद दिसतात ते यामुळे.

त्यावर दोन मोठे कायदे. पहिला शिक्षण हक्क कायदा २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दुसरा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, लागू १९ एप्रिल २०१७. भारतानं २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली होती, त्यातून हा दुसरा कायदा आला आणि १९९५ चा जुना कायदा मोडीत निघाला. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. कुणी अजून सातच प्रकार सांगत असेल तर तो जुना कागद वाचतोय.

हे दोन कायदे एकमेकांचे पर्याय नाहीत. पहिला म्हणतो सगळ्या मुलांना शाळा. दुसरा म्हणतो दिव्यांग मुलाला त्या शाळेत बरोबरीनं शिकता आलं पाहिजे, आणि त्यासाठी काय काय करायचं ते सांगतो. दुसऱ्या कायद्याचं कलम ३१ पहिल्याच्याही पुढं जातं. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. "१४ झाले, आता फी भरा" असं या मुलाला म्हणता येत नाही.

कायद्यांवर नियम बसतात. शिक्षण हक्काचे महाराष्ट्राचे नियम २०११ चे, दिव्यांग हक्काचे केंद्राचे नियम २०१७ चे. अर्ज कसा करायचा, मुदत किती, कुणाकडे जायचं हे नियम सांगतात. पण नियमाला कायद्याच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. याचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलून असं केलं, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव जागा देण्यातून सूट. कायद्याच्या कलम १२ मध्ये अशी सूट नाही. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. राजपत्रात छापलेला नियमसुद्धा कायद्यापुढं टिकला नाही, मग शाळेच्या फळ्यावरची सूचना काय टिकणार!

नियमांवर शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर. त्यात योजना, पदं, पैसे, कुणी काय करायचं याचा हुकूम असतो. त्याच्यावर परिपत्रक: आयुक्त, संचालक, शिक्षणाधिकारी खालच्यांना देतात त्या सूचना. आणि सगळ्यात वर बोळकं, तोंडी आदेश. "वरून फोन आला" हा कागद नव्हे. त्याला फक्त एवढंच म्हणायचं: सर, हे मला लिहून द्या.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० हे या उतरंडीत बसत नाही. धोरण दिशा सांगतं, हक्क देत नाही. त्या धोरणात समावेशित शिक्षणाबद्दल चांगलं लिहिलंय आणि २०१६ च्या कायद्याला दुजोरा दिलाय, पण अर्जात धोरणाचा आधार देऊ नका. कायद्याचं कलम द्या.

समग्र शिक्षा ही योजना. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान, माध्यमिकचं अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र करून ती झाली. पैसे केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. आमच्यासारखे विशेष शिक्षक, प्रवास आणि मदतनीस भत्ता, साहित्य, घरी जाऊन शिकवणं हे सगळं यातून चालतं. योजना कमीजास्त होते, एखाद्या वर्षी निधी उशिरा येतो. निधी उशिरा आला म्हणून हक्क उशिरा येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

राहिले न्यायालयाचे निकाल. ते कायद्याचा अर्थ सांगतात आणि सगळ्यांवर बंधनकारक असतात. आपल्या कामाचे दोन. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवलं: प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, त्यापुढं पंधरामागे एक. त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या एका निकालात सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट सरसकट लावता येणार नाही.

एकच लेकरू, चार खाती

गोंधळाचं दुसरं मूळ इथं आहे. आपलं मूल एकच, पण सरकारात त्याला चार दारं आहेत.

साधी शाळा, मग ती जिल्हा परिषदेची असो वा अनुदानित, शालेय शिक्षण विभागाकडे. तिथं मुलाला "विशेष गरजा असणारे बालक" म्हणतात. वर महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि गट साधन केंद्र.

विशेष शाळा (अंध, मूकबधिर, मतिमंद असे जुने शब्द अजून पाट्यांवर आहेत) या दिव्यांग कल्याण विभागाकडे. हा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये वेगळा झाला, आधी तो सामाजिक न्याय विभागातच होता. आयुक्तालय पुण्याला. गटशिक्षणाधिकाऱ्याला विशेष शाळेची तक्रार सांगून उपयोग नाही, ती त्याच्या अखत्यारीत येत नाही.

आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे. धारणी, पांढरकवडा, अहेरी, भामरागड अशा प्रकल्प कार्यालयांचे प्रकल्प अधिकारी तिथले धनी. मेळघाटातली किंवा गडचिरोलीतली दिव्यांग मुलं बऱ्याचदा याच फटीत हरवतात. शिक्षण खात्याला वाटतं ती आदिवासी विकासची, आणि आदिवासी विकासला वाटतं विशेष शिक्षक शिक्षण खात्यानं पाठवावा. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ (भेदभाव न करता प्रवेश आणि वाजवी सोय) मात्र सरकारनं मान्यता किंवा अनुदान दिलेल्या सगळ्याच शाळांना धरतं, आश्रमशाळा त्यातून सुटत नाही.

चौथं दार आरोग्य विभागाचं: तपासणी, शस्त्रक्रिया, प्रमाणपत्र.

जुने जीआर शोधताना एक करा. "दिव्यांग" शब्द टाकून सापडलं नाही तर "अपंग" टाका, मग "विशेष गरजा" टाका. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक जीआरला तारखेनं सुरू होणारा लांब संगणक सांकेतांक असतो, तो अर्जात लिहा. आणि जीआरचा सगळ्यात वरचा "संदर्भ" आणि शेवटचा परिच्छेद जरूर वाचा. आधीचा कोणता जीआर रद्द झाला ते तिथंच कळतं. त्या बाईच्या पिशवीतला जीआर असाच होता, त्याच्या जागी केव्हाचा नवा आलेला.

पहिली पायरी: ओळख

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. ते मुलाला तपासून पुढं पाठवतात ती चिठ्ठी जपून ठेवा. जिल्ह्याच्या दवाखान्यात ती दाखवली की काम सोपं होतं. पथक येणार त्या दिवशी मूल वेचणीला किंवा मामाकडे गेलेलं असेल तर ते यादीतून सुटतं, म्हणून अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात.

सिकलसेल हा २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर इकडं तो घराघरांत माहीत आहे, पण सिकलसेलचं मूल शाळेच्या हिशेबात दिव्यांग धरलं जातं हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या मुलाला चाकाची खुर्ची नको असते. त्याला पाणी जवळ ठेवू द्यायचं, लघवीला वारंवार सोडायचं, मार्चच्या उन्हात कवायत करायला लावायची नाही, थंडीत स्वेटरची सूट द्यायची, आणि कळा येऊन आठ दिवस दवाखान्यात गेले तर बुडालेला अभ्यास भरून द्यायचा. एका मुलाच्या बाटलीला वर्गात बंदी होती, शिस्त म्हणून. आम्ही कलम १६ चं मराठी भाषांतर मुख्याध्यापकांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाची बाटली बाकावर उभी. यासाठी एक रुपया लागला नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. घरी कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी बोलणारं मूल दुसरीत मराठी वाचताना अडखळतं. त्याला लगेच "अध्ययन अक्षम" ठरवू नका. आधी विचारा, त्याच्या भाषेत गोष्ट सांगितली तर कळते का? घरच्या भाषेत ते हुशारीनं बोलत असेल तर अडचण शाळेच्या भाषेची आहे, तिच्यावर उपाय वेगळा. उलटही होतं: घरच्या भाषेतही मूल अडतंय, पण "आदिवासी पोरगं आहे, शिकेल हळूहळू" म्हणून चार वर्षं जातात. दोन्ही चुका मी पाहिल्या आहेत. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या पुढंच मिळतं, पण कायदा शाळेला सांगतो की ती शक्य तितक्या लवकर ओळखून तसं शिकवायला लागा. शिकवण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहायची नसते.

दुसरी पायरी: प्रवेश आणि युडायसची नोंद

प्रवेशाला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे उशिरा आलं तरी घ्यावं लागतं. प्रवेशाआधी मुलाची चाचणी घ्यायला कलम १३ मनाई करतं.

प्रवेश झाला की मुख्याध्यापकांना युडायसबद्दल, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी संगणक नोंदीबद्दल, एकच प्रश्न विचारा: युडायसमध्ये माझ्या मुलाच्या नावापुढं विशेष गरजेचा रकाना भरला का? हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि सगळे पैसे इथं अडतात. पुढच्या वर्षीचं समग्र शिक्षेचं अंदाजपत्रक या नोंदींवरून बनतं. शाळेची पटनोंदणी ३० सप्टेंबर धरून होते. त्याआधी रकाना रिकामा राहिला, तर दिल्लीत बसलेल्या मंडळाच्या लेखी तुमचं मूल दिव्यांग नाहीच. मग मदतनीस भत्ता का आला नाही म्हणून मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो. पोळ्याच्या आधी शाळेत जाऊन संगणकाच्या पडद्यावर नाव पाहून या.

तिसरी पायरी: प्रमाणपत्र, आणि ४० टक्क्यांचा खरा अर्थ

अर्ज स्वावलंबनच्या, म्हणजे यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर होतो. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. प्रत्येक प्रकारचे तज्ज्ञ ठरावीक वारी बसतात, मतिमापन आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी सगळीकडे होत नाही. आधी फोन करून किंवा आमच्याकडून विचारून जा. एका फेरीत एसटीचं भाडं आणि दोघांची रोजी जाते, हे आम्हालाही दिसतं.

प्रमाणपत्र हातात आल्यावर टक्क्यांआधी मुदत वाचा. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं मिळतं. नववीत मुदत संपणारं प्रमाणपत्र दहावीच्या अर्जाला चालणार नाही. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागा, कलम ५९ खाली अपील करता येतं. मिळालेलं प्रमाणपत्र देशभर चालतं, त्यामुळे हैदराबादेकडं किंवा सुरतेकडं कामाला गेलात तरी सोबत न्या.

आता टक्के. "४० नाहीत, म्हणजे काहीच नाही" हा समज चुकीचा आहे. कायदा वाचला तर दोन ढीग दिसतात. भेदभाव न करता प्रवेश, वाजवी सोय, त्या मुलापुरती मदत, प्रवासाची सोय, परीक्षा पद्धतीतले बदल हे "दिव्यांग" मुलासाठी आहे, तिथं ४० चा आकडा लिहिलेला नाही. कलम १६ मध्ये आणि कलम १७ च्या परीक्षेच्या भागात हे आहे. ज्यासाठी ४० टक्के लागतात ते वेगळं: १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, मोफत पुस्तकं आणि साहित्य, शिष्यवृत्ती, पुढं महाविद्यालयात ५ टक्के आरक्षण. म्हणजे ३० टक्के असलेल्या मुलाला पुढचा बाक, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, जादा वेळ मागता येतो. श्रवणयंत्र योजनेतून मिळणार नाही कदाचित, पण सोय नाकारता येणार नाही.

चौथी पायरी: साधी शाळा, विशेष शाळा की घर

निवड पालकांची आणि मुलाची. शाळेनं निवडायची नाही. शिक्षण हक्क कायद्याला २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात तीव्र किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा हक्क आला. काही ठिकाणी हा हक्क उलटा वापरला जातो: "याला घरीच ठेवा, आमचे शिक्षक येतील." मुलाचं नाव पटावर, मूल खाटेवर. घरचं शिक्षण हवं असेल तर तुम्ही मागा, आणि विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येणार, काय शिकवणार हे लिहून घ्या.

विशेष शाळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पूर्ण अंध मुलाला ब्रेल, कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा ही पहिली काही वर्षं चांगल्या विशेष शाळेत पक्की होते, कारण खेड्यातल्या शाळेत ती येणारा माणूसच नसतो. पण अल्पदृष्टी, हलकं बौद्धिक दिव्यांगत्व, पायानं अधू, सिकलसेल अशा मुलांना गावापासून ऐंशी किलोमीटरवर वसतिगृहात टाकायचं काही कारण नाही. विशेष शाळा पाहायला जाल तेव्हा शिकवणाऱ्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडची नोंदणी विचारा, आणि मुलं राहतात ती खोली व संडास स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मूल वंचित गटात येतं, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना हा मार्ग उपयोगी.

पाचवी पायरी: वर्गात काय हवं ते लिहून काढा

इथं मी सगळ्यात जास्त वेळ देते. "मुलाला मदत करा" असं म्हटलं तर काही होत नाही. काय, कोण, कधीपासून, हे तीन रकाने भरले की होतं. त्या पोरीचा आराखडा आम्ही एका पानावर केला. फळ्यापासून पहिला बाक, खिडकीकडं पाठ, कारण समोरून उजेड डोळ्यांवर आला तर तिला काहीच दिसत नाही. वर्गशिक्षक फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचतील. वही जाड रेघांची, पेन काळं. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मोठ्या कागदावर दुप्पट करून, झेरॉक्सवाल्याला फक्त आकडा सांगायचा. दर तासाला वीस मिनिटं जादा. शाळा दोन किलोमीटरवर, रस्त्यात नाला, म्हणून सोबत जाणाऱ्या आईसाठी मदतनीस भत्त्याचा प्रस्ताव. खाली मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, आई आणि विशेष शिक्षक यांच्या सह्या.

समग्र शिक्षेत अशा मुलांसाठी दरवर्षी प्रत्येकी ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरली जाते, आणि मुलींना दरमहा २०० रुपये असा दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता थेट खात्यात. मुलीच्या नावाचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर हे पैसे परत जातात. चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, कॅलिपर (पायाला आधार देणारं साधन) यांसाठी कानपूरच्या एलिम्कोची, म्हणजे असं साहित्य बनवणाऱ्या सरकारी कंपनीची, मोजमाप शिबिरं होतात. मोजमाप झाल्यावर पावती घ्या, साहित्य महिन्यांनी येतं आणि तोवर मूल वाढलेलं असतं. न बसणारं साहित्य नम्रपणे परत करून पुन्हा माप मागा. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. शाळेचा उतार, संडासातली धरायची दांडी यासाठी ग्रामसभेत विषय मांडा, ठराव लिहून घ्या.

सहावी पायरी: परीक्षा

नियमित शाळेतल्या चाचण्यांत सवलत वापरलेली असली की बोर्डात ती मागणं सोपं जातं. दहावीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो: अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ यांचा अमरावतीला, विदर्भातल्या बाकी सहा जिल्ह्यांचा नागपूरला. नववीतच प्रमाणपत्राची मुदत तपासा, दहावीच्या सुरुवातीला प्रस्ताव द्या. लेखनिक घ्यायचा तर खालच्या इयत्तेतला मुलगा आधीच ठरवून त्याच्यासोबत दोनतीन सराव पेपर सोडवा. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे, ते परीक्षेच्या दिवशी येत नाही.

अडलं तर

भांडायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, त्याची पावती हीच पोच. अर्जात उतरंड तळापासून लावा, आधी कायदा, मग नियम, शेवटी जीआर. नमुना असा:

"माझी मुलगी, वय १० वर्षे, अल्पदृष्टी, हिला इयत्ता ५ वीत प्रवेश देण्यास तोंडी नकार मिळाला. शिक्षण हक्क कायदा २००९ कलम ३ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ कलम १६ व ३१ प्रमाणे तिला जवळच्या शाळेत प्रवेश व आवश्यक सोय मिळण्याचा हक्क आहे. प्रवेश द्यावा. देता येत नसल्यास कायद्याच्या कोणत्या कलमानुसार देता येत नाही, ते सात दिवसांत लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. लेखी नकार द्यायला कलम शोधावं लागतं, आणि ते सापडत नाही.

वाट अशी: मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांगत्वामुळे अन्याय झाला असेल तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे थेट अर्ज करता येतो. त्यांना साक्षीला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. आश्रमशाळेचं प्रकरण असेल तर प्रकल्प अधिकारी, विशेष शाळेचं असेल तर दिव्यांग कल्याण विभाग, आणि प्रत्येक अर्जाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

फक्त माहिती हवी असेल, म्हणजे भत्त्याचं अनुदान आलं का, किती मुलांना गेलं, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

त्या बाईचा अर्ज आम्ही त्याच दुपारी लिहिला. तिला सही येत होती, पण तिनं आधी मला तो पूर्ण वाचून दाखवायला लावला, मग केली. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचा शिक्का बसला, तिसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला. पोरगी आता पहिल्या बाकावर बसते, खिडकीकडं पाठ करून. मदतनीस भत्त्याचा प्रस्ताव अजून जिल्ह्याला पडून आहे, त्याचं दुसरं स्मरणपत्र आम्ही सोमवारी टाकतोय, कारण नाल्याला पाणी आलंय.